माकडताप, गोवर, जीबीएस: साथीचा मेसेज दोडामार्गला वेगळा, मालेगावला वेगळा आणि पुण्याला वेगळा का करावा लागतो?

प्रश्न असा आला आहे: "मी नुकतीच एका जिल्ह्यात आरोग्य विभागाच्या प्रसिद्धीचं काम बघू लागले आहे. साथ आली की वरून चांगली तयार केलेली पोस्टर्स आणि व्हिडिओ येतात. रोग तोच, खबरदारी तीच. मग प्रत्येक तालुक्याने वेगळा खटाटोप का करायचा? आणि उद्रेकाच्या पहिल्या दोन दिवसांत सोशल मीडियावर नेमकं काय करावं?"

मी या कामात, म्हणजे आपल्या कचेरीच्या भाषेत आयईसीमध्ये, वीसेक वर्षं आहे. कोकणात सुरुवात केली, मग उत्तर महाराष्ट्र, आता पुण्याजवळ. तुमचा प्रश्न मलाही सुरुवातीची काही वर्षं पडायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शास्त्र सगळीकडे एकच ठेवायचं, यात वाद नाही. लस कोणत्या वयात द्यायची, ताप आल्यावर किती वाट बघायची, यात तालुक्यागणिक फरक पडला तर गोंधळच होईल. पण लोकांच्या हाती पडतो तो मेसेज, आणि त्यात शास्त्राशिवाय बरंच काही असतं. तो कोणाच्या नंबरवरून आला, कोणत्या बोलीत आला, आला तेव्हा घरातला फोन कोणाच्या हातात होता, हे सगळं त्यात आलं. वर बसलेल्या माणसाला हे ठरवता येत नाही, त्यात त्याचा दोषही नाही. तुम्हाला मात्र आपल्या भागात शेवटच्या घरापर्यंत मेसेज ढकलणारा माणूस कोण, हे साथ येण्याआधी माहीत पाहिजे. मी या कामात जे काही शिकले, ते बहुतेक या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

माकडतापाचं सांगते, कारण ते मी जवळून पाहिलं. हा विषाणू 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला. गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 पासून आणि आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2016 च्या सुरुवातीपासून रुग्ण दिसू लागले, पुढे बांद्याच्या बाजूलाही. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो, आणि साथीचे महिने नेमके काजूच्या हंगामाचे. बागेत जाऊ नका असं सांगणं म्हणजे वर्षाची कमाई सोडा असं सांगणं. तेव्हा सांगायचं होतं ते एवढंच: जाण्याआधी अंगाला गोचीड पळवणारं तेल लावा, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे उकळत्या पाण्यात टाका, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा.

आम्ही पोस्टर केलं. त्यावर गोचिडीचा मोठा, ठसठशीत फोटो टाकला आणि सगळ्या ग्रुपवर पाठवला. आठवड्याने एका वाडीत गेले तर एक आजी म्हणाल्या की असली गोचीड आमच्या गुरांना असते, पण रानातून आल्यावर आमच्या अंगावर कधी दिसत नाही. त्यांचं बरोबर होतं. हा आजार मुख्यतः पसरवते ती गोचिडीची पिल्लावस्था, तिळाएवढी, सहज नजरेत न येणारी. आमच्या फोटोमुळे लोक मोठी गोचीड शोधत होते, ती न दिसल्यावर निर्धास्त होत होते. ती चूक माझी होती, फोटो मीच निवडला होता.

मग तिथल्या आशाताईंनी उपकेंद्राच्या पडवीत बसून फोनवर आवाज रेकॉर्ड केला. पहिल्या वेळी कोंबडा आरवला, दुसऱ्या वेळी त्या वाचून दाखवल्यासारखं बोलल्या. तिसऱ्या वेळी कागद बाजूला ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या: "रानात जातास तर आदी हातापायाक तेल लावा, घराक इल्यार गरम पाण्यान न्हावा." चाळीस सेकंदही नसतील. ती क्लिप बचत गटाच्या ग्रुपवर गेली, तिथून मुंबईच्या गावकरी मंडळात, तिथून गोव्यात कामाला असलेल्या पोरांकडे. पुढच्या भेटीत एका बाईने सांगितलं की मुंबईहून मुलगा रोज सकाळी फोन करून विचारतो, आये, तेल लावलंस? आमचं पोस्टर त्या घरात पोचलं होतं की नाही, मला माहीत नाही. मुलाचा फोन मात्र रोज येत होता.

कोकणातली ही खासियत ध्यानात ठेवा. तिथे गावाची बातमी गावात जाते ती मुंबईमार्गे. 2020 च्या गणपतीआधी चाकरमान्यांना गावी आल्यावर किती दिवस वेगळं राहावं लागेल यावर ग्रुपांमध्ये रणकंदन माजलं होतं. कोणी 14 दिवस म्हणे, कोणी 10. शेवटी राज्य सरकारने 10 दिवस ठरवले. पण तोवर जुने मेसेज गावात आणि चाळीत दोन्हीकडे फिरत होते, आणि गावच्या वेशीवर भाऊबंदांत भांडणं लागत होती. त्या दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी मेसेज काढायचा, तर तो लालबाग, भांडुप, नालासोपाऱ्यातही त्याच क्षणी पोचणं भाग होतं. जिल्ह्याच्या हद्दीत राहून केलेली प्रसिद्धी तिथे अर्धीच पडते.

हद्दीचा विषय निघालाच आहे तर गोव्याचंही बघा. दोडामार्ग-बांद्याचा गंभीर पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातो. सत्तरीतल्या ग्रुपवरचे कोंकणी-मराठी मेसेज दोडामार्गात येतात, आपले तिकडे जातात. दोन राज्यांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की लोक सोयीची निवडतात. शिवाय गोव्यात फोन बऱ्याचदा बाईच्या स्वतःच्या हातात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचं प्रमाण गोव्यात 73.7 टक्के होतं, महाराष्ट्रात 38 टक्के. महाराष्ट्रातल्या पुरुषांचं 61.5 टक्के. मुलाच्या लसीचा मेसेज आईसाठी लिहिलेला असतो, पण दिवसभर फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि संध्याकाळी पोरांच्या हातात. मी ग्रामीण भागात आईसाठीचे मेसेज रात्री साडेआठनंतर आवाजातच पाठवते, म्हणजे जेवणं उरकताना घरात सगळ्यांच्या कानावर पडतात.

आता मालेगाव. तिथे "उर्दूत भाषांतर करा" एवढ्याने काम होईल असं अनेकांना वाटतं. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांसाठी, मुख्यतः शाळांमधून. त्याच्या वर्षभर आधी तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळातल्या मलप्पुरमकडे जी अफवा फिरली होती, की या लसीने पुढे मूल होत नाही, तीच मुंबईतल्या काही उर्दू शाळांच्या पालकांपर्यंत व्हॉट्सॲपवरून येऊन पोचली. ही अफवा नवी नव्हती. पोलिओच्या डोसाबद्दलही तेच म्हटलं जायचं. म्हणजे लोकांच्या मनात जुना संशय होता आणि मेसेजने त्याला फक्त नवं नाव दिलं. अशा ठिकाणी "अफवांवर विश्वास ठेवू नका" हे शुद्ध उर्दूत लिहून काय होणार? जिथे मार्ग निघाला तिथे तो मौलानांच्या आवाहनाने आणि गल्लीतल्या रोजच्या डॉक्टरने, माझ्याही नातीला मी हीच लस दिली, असं तोंडाने सांगितल्याने निघाला. आणि उर्दू बोलणाऱ्या वस्त्यांत गोवर म्हणत नाहीत, खसरा म्हणतात. एवढ्या साध्या गोष्टीवर मेसेज वाचला जाईल की नाही ते ठरतं.

2021 च्या नोव्हेंबरात कोविड लसीकरणात मागे राहिलेल्या मुस्लिमबहुल भागांसाठी सलमान खानची मदत घेऊ, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते. हेतू चांगला होता. पण नटाच्या व्हिडिओने लस आहे हे कळतं, शंका फिटत नाही. शंका असलेल्या माणसाला उलटून विचारायचं असतं, आणि व्हिडिओला उलटून विचारता येत नाही. मालेगावचाच 2020 मधला काढा आठवा. हॉटस्पॉट म्हणून नाव झालेल्या गावात साथ ओसरल्यावर तो काढा राज्यभर व्हायरल झाला. तो कोविड बरा करतो असं सिद्ध झालेलं नव्हतं. पण लोकांना तो आपल्या गावाच्या अब्रूचा विषय वाटत होता. त्यावर लाल फुली मारून "फेक" लिहिलं असतं तर आमचं पुढचं काहीच कोणी ऐकलं नसतं. काढा घ्यायचा तर घ्या, पण धाप लागली तर तासाभरात दवाखाना गाठा, असं सांगणं मला त्या वेळी योग्य वाटलं आणि आजही वाटतं.

2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराचा उद्रेक झाला तेव्हा 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचा ठरला. मग आयांचा प्रश्न असा होता: नवव्या महिन्याचा डोस मग चुकवायचा का? पोस्टरवर याचं उत्तर नव्हतं, कारण ते करणाऱ्याला हा प्रश्न सुचलाच नव्हता. तुम्ही मेसेज पाठवण्याआधी तो चार आशाताईंना वाचून दाखवा आणि यावर लोक काय विचारतील ते त्यांना विचारा. उत्तर त्याच मेसेजमध्ये घाला: हा जादा डोस आहे, ठरलेले दोन्ही डोस घ्यायचेच.

मेळघाट, धडगाव-अक्कलकुवा, भामरागड-एटापल्ली इथे सोशल मीडिया म्हणजे काय, तेच आधी ठरवावं लागतं. पाड्यात रेंज नसते. टेकडीवर एक जागा असते जिथे काड्या दिसतात, पोरं तिथे जाऊन व्हिडिओ उतरवतात आणि खाली येऊन एकमेकांना देतात. म्हणून तिथे दोन एमबीच्या वरचं काही पाठवू नका. मेळघाटात कोविडच्या लसीबद्दल भीती पसरली तेव्हा कोरकूतून बोललेल्या क्लिपा कामाला आल्या. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे त्याच मातीतले, भिल्ल समाजातले. जिल्ह्यात त्यांनी ऑक्सिजन प्लांट उभे केले हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते हे, की लोकांशी ते त्यांच्या बोलीत बोलू शकत होते. आपल्याकडे असा अधिकारी दर वेळी नसतो. पण त्या बोलीत बोलणारी एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका), शिक्षक, भूमका (गावचा पारंपरिक वैदू) कुठल्याही तालुक्यात असतात. भूमकाला बाजूला सारून मेळघाटात काही पोचवता येईल असं मला वाटत नाही. आणि आठवडी बाजाराचा दिवस हा तिथला शेअर करण्याचा दिवस. क्लिप आदल्या संध्याकाळी गेली पाहिजे.

बीडकडे ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये तीच जागा मुकादमाची. एप्रिल 2020 मध्ये कारखान्यांवर अडकलेल्या मजुरांना गावी परतायला परवानगी मिळाली तेव्हा कोणत्या टोळीने कधी निघायचं, तपासणी कुठे होणार, हे सगळं मुकादमाच्या फोनमधून चाललं. त्याचा नंबर तुमच्याकडे नसेल तर टोळीपर्यंत तुमचं काहीच जात नाही.

याच्या अगदी उलट टोक पुण्यात, 2025 च्या जानेवारीत. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएस या हातापायांतली ताकद घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. पुढे राज्यात आकडा 200 च्या वर गेला. तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू काही नमुन्यांत सापडला, बोट पाण्याकडे गेलं. सूचना साध्या होत्या: पाणी उकळून प्या, अन्न ताजं आणि स्वच्छ ठेवा, कच्चं आणि शिजवलेलं एकत्र ठेवू नका. आणि जीबीएस एकापासून दुसऱ्याला लागत नाही, हेही.

सोसायट्यांच्या ग्रुपांवर लोकांना हे पुरत नव्हतं. आमच्या टँकरच्या पाण्यात क्लोरीन किती आहे? नमुना कधी घेतला? अहवाल कुठे बघायचा? तिथे इंजिनिअर, प्रयोगशाळेत काम करणारे, वकील असे सगळे बसलेले. "घाबरू नका, सतर्क राहा" असा मेसेज पडला की पाच मिनिटांत त्याची चिरफाड व्हायची. त्यांना तारीख आणि आकडा दिला की ती मंडळी स्वतःच तो दहा ग्रुपांवर नेऊन समजावून सांगायची. आणि तिथून दोन किलोमीटरवर विहिरीच्या पाण्यावरच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारा मजूर, त्याला क्लोरीनचा आकडा देऊन उपयोग नाही. गॅस महाग, वीस लिटर पाणी रोज उकळणार कसं, हा त्याचा प्रश्न. त्याला क्लोरीनची गोळी कुठे मिळते आणि किती पाण्याला किती टाकायची, हे हिंदीत आणि मराठीत सांगावं लागतं. एकाच रस्त्यावर ही दोन वेगळी गावं आहेत. प्रादेशिक फरक म्हटलं की आपण कोकण, विदर्भ, मराठवाडा असा नकाशा डोळ्यासमोर आणतो, पण पुण्याने मला शिकवलं की तो फरक एका नळजोडणीइतकाही जवळ असू शकतो.

जाता जाता "घाबरू नका" बद्दल. या शब्दांनी मेसेज सुरू करू नका. घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे त्यातूनच कळतं, आणि करायचं काय ते कळत नाही.

शब्दांची निवड हा आपल्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. 2020 मध्ये सरकारी पत्रकांत विलगीकरण आणि अलगीकरण असे दोन शब्द होते. एक बाधितासाठी, दुसरा संपर्कात आलेल्यासाठी. खेड्यात सोडाच, आमच्या कचेरीतही त्यात गल्लत व्हायची. लोक सरळ "कोरंटाईन" म्हणत होते आणि त्यांना अर्थ बरोबर कळत होता. तो शब्द वापरायला आम्ही का लाजलो कोण जाणे. आणि "सामाजिक अंतर"! ज्या समाजात पिढ्यानपिढ्या माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवलं गेलं, तिथे आरोग्य खात्याच्या तोंडून हे शब्द बाहेर पडावेत याचं मला आजही वाईट वाटतं. एका वस्तीत एका कार्यकर्त्याने मला शांतपणे विचारलं होतं, मॅडम, हे आम्हाला नवीन आहे का? त्या दिवसापासून मी "दोन हातांचं अंतर" एवढंच लिहिते.

केरळचा दाखला हमखास दिला जातो. 2018 मध्ये कोळिकोडला निपाह आला, 17 जण दगावले, आणि सरकारने रोज ठरलेल्या रीतीने माहिती दिली. 2020 मध्ये मुख्यमंत्र्यांची संध्याकाळची पत्रकार परिषद घराघरात बघितली गेली. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे ठरलेली वेळ. पण एकच आवाज सगळ्यांनी ऐकावा यासाठी तिथे एक भाषा, मजबूत पंचायती आणि गावागावात वाचला जाणारा पेपर आहे. आपल्याकडे 36 जिल्हे आणि त्यात गोंडी-माडियापासून मालवणीपर्यंत बोली. इथे वेळ एक ठेवता येईल, आवाज अनेक लागतील.

आता पहिल्या दोन दिवसांचं. पहिली गोष्ट, काय माहीत आहे, काय नाही आणि पुढची माहिती किती वाजता देणार, हे तीन वाक्यांत सांगा. "नमुने घेतले आहेत, अहवाल आलेला नाही, उद्या संध्याकाळी 5 वाजता पुन्हा सांगू." आणि उद्या 5 वाजता अहवाल आलेला नसला तरी "आलेला नाही" हे सांगायला हजर राहा. ती वेळ चुकली की त्या जागी दुसरं कोणीतरी बोलतं. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये चिकनमधून कोरोना होतो ही अफवा अशीच मोकळ्या जागेत शिरली. कोंबडीचे भाव कोसळले, पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत पक्षी फुकट वाटले, पुरले, आणि खाद्यासाठी मका-सोयाबीन पिकवणाऱ्यालाही झळ बसली. खुलासे आले, पण उशिरा.

अफवेचा स्क्रीनशॉट टाकून त्यावर फुली मारू नका. पुढे जाताना कोणीतरी फुली कापतं आणि तुमच्याच नावाने अफवा फिरते. अफवेचा उल्लेख न करता खरी गोष्ट सांगा.

व्हॉट्सॲपचं एक तांत्रिक अंगही माहीत असू द्या. 2018 मध्ये मॉब लिंचिंगच्या घटनांनंतर भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अफवेवरून पाच जणांचा जीव गेला तोही त्याच वर्षीचा जुलै. एप्रिल 2020 पासून वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. ही मर्यादा हवीच होती, पण आपला खरा मेसेजही त्यातच अडकतो. म्हणून एक क्लिप खाली ढकलत नेण्यापेक्षा मजकूर पाठवा आणि प्रत्येक गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) किंवा आशाताईला स्वतःच्या आवाजात नव्याने रेकॉर्ड करायला सांगा. राज्यात सुमारे 70 हजार आशा आहेत. त्यांचा आवाज वाडीत ओळखीचा असतो, आणि "फॉरवर्डेड" हा शिक्का नसतो. फक्त हे काम त्यांच्या माथी फुकटात मारू नका. डेटा पॅकचे पैसे कुठून द्यायचे ते आधी ठरवा.

ग्रुप "फक्त ॲडमिन" करून टाकू नका, हेही कळकळीने सांगते. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत ॲडमिनला जबाबदार धरणारा पोलिसांचा आदेश निघाला, आणि भीतीने कितीतरी ग्रुपांना कुलूप लागलं. अफवा बंद झाल्या असं वरवर दिसलं. खरं तर लोकांचे प्रश्न आम्हाला दिसायचे बंद झाले.

तुम्ही जिल्हा कोणता ते लिहिलं नाहीत. आदिवासी तालुके असतील तर आठवडी बाजारांचे वार आधी लिहून काढा. कोकणपट्टी असेल तर प्रत्येक गावाच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर घ्या. शहरालगतचा भाग असेल तर टँकरवाल्यांपासून सुरुवात करा. त्यांना ठाऊक असतं कुठलं पाणी कुठल्या सोसायटीत जातं.